सनदेनंतर जनहिताच्या वकिलीची फेलोशिप: अर्ज करणाऱ्यांसाठी

फेलोशिप हा शब्द तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये उच्चारला की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नोकरी की शिष्यवृत्ती?" दोन्हींचं थोडं थोडं. कायद्याची पदवी घेतलेल्यांना वर्ष-दोन वर्षं दरमहा मानधन द्यायचं, एखाद्या अनुभवी वकिलाच्या किंवा संस्थेच्या हाताखाली ठेवायचं आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं करायला लावायची, असा हा प्रकार. कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्यांचे जामीन, वनहक्काचे दावे, घरगुती हिंसाचाराची प्रकरणं, सफाई कामगारांची थकलेली मजुरी, यापैकी काहीही वाट्याला येऊ शकतं.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी तीन वर्षांचं एलएलबी केलं. कारागृहातल्या कायदेविषयक मदतीची फेलोशिप मला दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. अलीकडे अशा अर्जांच्या छाननीला मीच बसतो. त्यात एक गोष्ट सारखी खटकते. आपल्याकडची पोरं अर्जात आपलं गाव, आपली भाषा आणि आपलं तालुका कोर्ट झाकून ठेवतात आणि दिल्लीच्या पोरांसारखं लिहायला जातात. दिल्लीच्या पोरांसारखं लिहिणारी दिल्लीची पोरं संस्थेकडे आधीच असतात. एफआयआर, पंचनामा, फेरफार आणि सातबारा मराठीतून वाचणारा माणूस मात्र त्यांना शोधूनही सापडत नाही.

आधी काम ठरवा, मग फेलोशिप

जनहिताच्या नावाखाली चार वेगळे धंदे येतात. पहिला कोर्टातला: जामीन, खटला, अपील, याचिका. दुसरा कारागृह, पोलीस ठाणं आणि वस्ती पातळीवरचा, जिथे अर्धं काम कागद मिळवण्याचं असतं. तिसरा संशोधन आणि धोरणाचा. दिल्लीतलं विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी किंवा बंगळूरचं दक्ष यांचं काम या वळणाचं. चौथा विधिमंडळाच्या अंगाचा. संसदेच्या कामकाजावर संशोधन करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून तरुणांना एका खासदाराचा संशोधन साहाय्यक म्हणून काम देते. तिला वयाची अट कडक आहे, पंचविशीच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळे ती मनात असेल तर रेंगाळू नका.

सर्वोच्च न्यायालयातलं लॉ क्लर्कचं (न्यायमूर्तींच्या संशोधन साहाय्यकाचं) काम अनेक जण याच यादीत धरतात. शिकायला ते उत्तम आहे, मानधनही चांगलं आहे (२०२४ च्या भरतीत दरमहा ८०,००० रुपये), पण त्यात पक्षकार भेटत नाही. ज्याला पक्षकाराशी बोलायचं आहे, त्याला तिथे वर्षभर फायलीच दिसतील.

कोणतं काम आपल्याला झेपेल, हे घरबसल्या कळत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, सचिवांना भेटा आणि एक महिना विनामूल्य काम मागा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागू शकतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या टेबलाशी बसून अर्ज भरून घेणं वेगळं. तिसऱ्या दिवशीच कळतं की आपला पिंड या कामाचा आहे की नाही.

सनद, एआयबीई आणि नियम ४९

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कोर्टातल्या कामाच्या फेलोशिपला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागतेच. सनदेची फी किती, यावर बराच गोंधळ असायचा. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केलं की अधिवक्ता कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये) जास्त नोंदणी फी घेता येत नाही. स्टँप ड्युटी लागत असेल तर ती वेगळी. सनद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा (एआयबीई) पास व्हायची. शंभर बहुपर्यायी प्रश्न, टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. फेलोशिपच्या वर्षात ही परीक्षा डोक्यावर ठेवू नका, आधीच उरकून टाका.

आता नियम ४९. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. धरली तर कौन्सिलला कळवून सनद तात्पुरती स्थगित ठेवावी लागते. म्हणून संस्थेला अर्जापूर्वीच विचारा: मला मानधन व्यावसायिक सेवेचं मिळणार की पगार म्हणून? वकीलपत्र माझ्या नावाने दाखल होणार का? ज्यांच्या डोक्यात पुढेमागे न्यायाधीशाची परीक्षा आहे त्यांनी तर हे लेखीच घ्यावं. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. सनद स्थगित ठेवून केलेलं वर्ष त्या तीन वर्षांत धरलं जाईल या भरवशावर राहू नका. त्या निकालात लॉ क्लर्कचा काळ धरला आहे, सगळ्या फेलोशिपांचा धरला आहे असं नाही.

शोधायचं कुठे

एक मोठी, सगळ्यांना माहीत असलेली यादी अशी काही नसते. संस्था निधी आला की जाहिरात काढतात, निधी संपला की फेलोशिप बंद. त्यामुळे फेलोशिपचं नाव शोधण्यापेक्षा संस्थेचं काम शोधा. आपल्या राज्यापुरतं सांगायचं तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून कारागृहांत काम करतो. मजलिस ही संस्था मुंबईत स्त्रियांच्या प्रकरणांत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तेव्हा असलेल्या प्रोजेक्ट ३९ए ने पुणे आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांतल्या कच्च्या कैद्यांसाठी तरुण वकिलांची फेलोशिप चालवली. राज्यघटनेतला अनुच्छेद ३९अ, म्हणजे मोफत कायदेविषयक मदतीचा, त्यावरून ते नाव. ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क अनेक राज्यांत पसरलेलं आहे. पर्यावरणात रस असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं. तिथे नियमित उभे राहणारे वकील कोण, हे रोजच्या आदेशांत छापलेलं असतं. वनहक्कासाठी गडचिरोली, नंदुरबार, पालघरच्या संघटनांकडे पाहा.

संस्थेचे गेल्या दोन वर्षांतले अहवाल वाचा आणि जाहिरात नसतानाही एक छोटी मेल टाका. "आपल्याकडे काही संधी आहे का?" असं विचारलंत तर उत्तर येत नाही. "मी लातूरला राहतो, तुमच्या अहवालात लातूर कारागृहाचा उल्लेख आहे, तिथले कागद आणायला कोणी लागेल का?" असं विचारलंत तर येतं. मला आलं होतं, बारा दिवसांनी, एका ओळीचं.

परदेशात एलएलएमला गेलेल्या मित्रांसाठी एक वेगळा मुद्दा. अमेरिकेत अशा फेलोशिपा बऱ्याचदा प्रकल्पाच्या असतात. १९८८ पासून चालू असलेल्या स्कॅडन फेलोशिपमध्ये अर्जदार स्वतः एक संस्था शोधतो, तिच्यासोबत दोन वर्षांचा प्रकल्प बेततो आणि मग पैसे मागतो. तिथे यजमान संस्थेचं पत्र हाच अर्जाचा कणा, त्यामुळे तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी लागते. भारतातही ज्या फेलोशिपा "तुमचा प्रकल्प सांगा" म्हणतात, त्यांना हाच हिशेब लावा.

स्टेटमेंट ऑफ पर्पज

हे काम आपल्याला का करायचं आहे, ते सांगणारं हे टिपण. इथे जरा थांबू या, कारण निम्मे अर्ज इथेच पडतात.

माझ्या पहिल्या वर्षीच्या अर्जाची सुरुवात साधारण अशी होती: लहानपणापासून मला अन्यायाविरुद्ध लढण्याची ओढ आहे आणि घटनेतल्या समतेच्या मूल्यांवर माझा दृढ विश्वास आहे. पुढे दोन पानं तेच. शेवटी एक इंग्रजी अवतरण, तेही चुकीच्या माणसाच्या नावावर. मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी आज तो अर्ज वाचला असता तर पहिल्या परिच्छेदानंतर बाजूला ठेवला असता.

दुसऱ्या वर्षी काय बदललं ते सांगतो. मधल्या काळात मी विधी सेवा प्राधिकरणात फुकट बसत होतो. एका दुपारी कारागृहाच्या दाराशी एक आजी पिशवीतून घडी केलेला कागद काढून म्हणाल्या, "साहेब, जामीन झालाय म्हणतात. मग पोरगं घरी का येईना?" कागद पाहिला. जामीन मंजूर होऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. अट होती पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. जामीनदाराचा सातबारा लागतो. घरातले सगळे ऊसतोडीला कर्नाटकात. उरलेल्या भावकीत कुणाच्या नावावर जमीन नाही. पोरगा कागदावर सुटलेला होता आणि बराकीत होता.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं आहे. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभरात जामिनाचं बंधपत्र दिलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकील मॅडमनी दाखवलं, मी अर्जाचा मसुदा लिहिला, त्यांनी त्यावर लाल पेनाने भरपूर मेहनत घेतली आणि जामीनदाराऐवजी जातमुचलक्यावर सुटका झाली.

दुसऱ्या अर्जात मी एवढंच लिहिलं, सहा-सात वाक्यांत. मग लिहिलं की आमच्या कारागृहात असे आणखी किती जण आहेत हे मी सचिवांच्या परवानगीने रजिस्टरवरून मोजलं, आणि फेलोशिपच्या वर्षात मला ही यादी दर आठवड्याला करून प्रत्येकाचा अट सैल करण्याचा अर्ज लावायचा आहे. जामिनाची रक्कमच आड येत असेल तिथे केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेतून, ज्यात तेव्हा कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती, प्रस्ताव पाठवायचा आहे. अन्याय, मूल्यं, ओढ हे शब्द एकदाही आले नाहीत.

तुमच्याकडे असा प्रसंग नसेल तर बनवू नका. बनवलेला प्रसंग मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, कारण आम्ही विचारतो, "त्या दिवशी कोर्ट कुठलं होतं? रोजनाम्यात काय लिहिलं होतं?" त्याऐवजी वडिलांच्या पीक विम्याच्या तक्रारीपासून ते वस्तीतल्या रेशनकार्डापर्यंत जे खरंच हाताळलंय ते लिहा. त्यात हरला असाल तरी चालेल.

आकडा द्यायचा तर मोजका द्या. देशातल्या कारागृहांत २०२२ अखेर ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी जवळपास प्रत्येक अर्जात असते. तुमच्या जिल्ह्यातल्या एका बराकीचं निरीक्षण त्यापेक्षा जास्त वाचलं जातं.

इंग्रजीचं काय? अर्ज बहुधा इंग्रजीतच लागतो. लहान वाक्यं लिहा. आधी मराठीत मुद्दे काढा, मग इंग्रजीत उतरवा, मग मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे वाक्य तोडा. भाषांच्या रकान्यात नुसतं "मराठी" लिहून सोडू नका. मोडी किंवा जुने फेरफार वाचता येतात का, गोंडी, भिली, बंजारा, दखनी यातलं काही बोलता येतं का, हे लिहा. एका मुलीने शेवटच्या ओळीत, जवळजवळ माफी मागितल्यासारखं, "घरी गोरमाटी बोलतो" (म्हणजे बंजारा बोली) असं लिहिलं होतं. आमच्या छाननीत तो अर्ज तिथून वर आला.

रायटिंग सॅम्पल

कॉलेजात लिहिलेला पंचवीस पानी निबंध पाठवू नका. तुम्ही स्वतः मसुदा केलेला जामीन अर्ज, नोटीस, माहिती अधिकारातलं अपील किंवा पाच-सहा पानांचं टिपण पाठवा. मूळ मराठीत असेल तर मराठीच ठेवा आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. दोन्ही भाषांवरची पकड एका झटक्यात दिसते. सिनियरच्या हाताखाली केलेला मसुदा असेल तर कोणता भाग आपला ते वर दोन ओळींत सांगा आणि सिनियरची परवानगी घ्या.

नावं काळी करा. सगळी. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तरीही अशा प्रकरणातला अर्ज पीडितेच्या नावा-गावासह जोडलेला मी पाहिला आहे. बाकीचा अर्ज चांगला होता, पण पुढे वाचायचं कारण उरलं नाही. नाव काळं करताना फाइलमध्ये नुसती काळी पट्टी टाकून भागत नाही, खालचा मजकूर कॉपी करता येतो. छापून, मार्कर मारून, पुन्हा स्कॅन करणं हा गावठी उपाय सगळ्यात भरवशाचा.

आणि निवाडे तपासा. हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या मसुद्यांत अस्तित्वातच नसलेले निवाडे असतात. इंडियन कानून या संकेतस्थळावर टाकून प्रत्येक निवाडा उघडून पाहायला अर्धा तास लागतो.

शिफारसपत्रं

दोन लागतात. प्राचार्यांचं "हा विद्यार्थी मनमिळाऊ व होतकरू आहे" छापाचं पत्र कुणाच्याच कामाचं नाही. ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं त्यांचं घ्या: ज्यांच्या टेबलाशी बसलात ते पॅनेल वकील, कायदा मदत केंद्राचे प्राध्यापक, संघटनेचे कार्यकर्ते. त्यांना किमान तीन आठवडे आधी सांगा आणि सोबत एक कागद द्या: कोणत्या तारखांना काय काम केलं, अर्ज कशासाठी आहे. कामात बुडालेल्या सिनियरला तुमचं सगळं आठवत नाही, आणि "सर, तुम्हीच लिहा काहीतरी" म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

मुलाखत

मुलाखतीत एक तरी प्रत्यक्ष प्रश्न येतो. आम्ही विचारतो तो असा: चोरीच्या गुन्ह्यात एक माणूस चौदा महिने आत आहे, काय कराल?

बरेच जण थेट जामीन अर्जाकडे धावतात. चांगला उमेदवार आधी विचारतो, "कलम कोणतं? आधी कधी शिक्षा झाली आहे का? दुसरी केस चालू आहे का?" साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही त्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर जामिनावर सुटका. म्हणजे इथे बारा महिने. तो दोन महिन्यांपूर्वीच पात्र झाला होता, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करायचं काम कारागृह अधीक्षकाचंही होतं. पण दुसऱ्या गुन्ह्याचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल तर हा दरवाजा बंद, मग नेहमीचा जामीन अर्ज. शिवाय आरोपपत्र वेळेत आलं होतं का, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत टळली होती का, हेही विचारायला हवं. उत्तर पूर्ण नसलं तरी चालतं. प्रश्न विचारण्याचा क्रम आम्ही पाहतो.

दुसरा प्रश्न हमखास: ज्याचा गुन्हा तुम्हाला किळसवाणा वाटतो, त्याचं काम कराल का? पाठ केलेलं उत्तर देऊ नका. "अवघड जाईल, पण कागद वाचल्याशिवाय नाही म्हणणार नाही" हे एका मुलाचं उत्तर मला अजून आठवतं.

तिसरा घरचा. पोरीला "दौऱ्यांना घरचे सोडतील का?" असं विचारणारी मंडळं आहेत अजून. हा प्रश्न चुकीचा आहे, पण "कामाच्या ठिकाणची राहण्याची आणि प्रवासाची व्यवस्था काय आहे?" असा उलट प्रश्न टाकून तुम्ही चर्चा कामावर आणू शकता.

पैशाचं बोलून घ्या

समाजसेवेच्या कामात पैशाचं विचारू नये, असा एक संकोच आपल्याकडे फार. विचारा. मानधन दरमहा येणार की तिमाही? प्रवासखर्च वेगळा की त्यातच? अर्जाचे स्टँप, नकलांची फी, टायपिंग कुणाच्या खिशातून? मानधनातून टीडीएस कापला जाईल, कर लागत नसेल तर तो रिटर्न भरून परत मिळवता येतो. पहिलं मानधन दीड-दोन महिन्यांनी हातात येतं, तेवढ्या दिवसांच्या खोलीभाड्याची आणि डब्याची सोय आधी करून ठेवा. घरच्यांना मी आकडा आणि मुदत दोन्ही सांगितली होती, "दादा, दोन वर्षं, मग जिल्हा कोर्टातच बसणार," म्हणून वडिलांनी फार ताणलं नाही.

नकार आला तर

माझ्यासारखं वर्षभर प्राधिकरणात काम करून पुन्हा अर्ज करा. दुसरी वाट जास्त सरळ आहे: राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०२२ ची लीगल एड डिफेन्स कौन्सेल योजना. जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं त्यातून उभी राहिली आहेत. सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा फौजदारी अनुभव चालतो. मानधन मिळतं, खासगी केसेस मात्र घेता येत नाहीत. जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि नोटीस बोर्डावर लागते. बोर्ड प्रत्यक्ष जाऊन पाहा.

निवड झाली तर पहिल्या दिवशी कारागृहाच्या दाराशी ओळखपत्र, सनदेची प्रत आणि प्राधिकरणाचं परवानगीपत्र, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा. मोबाईल बाहेर जमा होईल, म्हणून प्रत्येक केसचा सीएनआर (कोर्टाच्या नोंदीतला) क्रमांक आणि पुढच्या तारखा वहीत लिहून न्या. पेन दोन ठेवा, एक आत कुणीतरी मागतंच.